घरातून उचललेले, घरालाच विकलेले

'मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस' या १९४८ सालच्या अमेरिकी चित्रपटात कॅरी ग्रँट न्यू यॉर्कमधला जाहिरात-लेखक झाला आहे. 'व्हॅम' नावाच्या हॅमसाठी, म्हणजे मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसासाठी, त्याला घोषवाक्य लिहून द्यायचे आहे. मुदत संपत आली तरी ओळ सुचत नाही आणि नोकरी जाणार हे दिसू लागते. अशा वेळी घरकाम करणारी गसी न्याहारी वाढता वाढता हॅमबद्दल एक यमकाची ओळ सहज बोलून जाते. तो ती ओळ उचलतो. तीच जाहिरात ठरते, नोकरी वाचते आणि तो बायकोला सांगतो की गसीचा पगार दहा डॉलरने वाढव. शेवटी मासिकात छापून आलेल्या जाहिरातीत गसीच दिसते.

प्रसंग विनोदी आहे आणि त्यावर मनापासून हसावे. मात्र शेजारी दहा-बारा वर्षांचे मूल बसलेले असेल, तर हसू ओसरल्यावर ते विचारू शकते: ओळ गसीची, मग मोठा फायदा मालकाचा का? या एका प्रश्नात जाहिरात-व्यवसायाचे निम्मे अर्थशास्त्र आहे. घरातले बोलणे, घरातली माया, हौस, काळजी आणि लाज जाहिरात उचलते. कसबी माणसे त्यावर काम करतात. मग तेच सगळे देखण्या वेष्टनात घालून त्याच घराला विकले जाते. जाहिरात-जगतावरच्या चांगल्या चित्रपटांनी हा फेरा निरनिराळ्या परींनी दाखवला आहे. या पुस्तकाचा विषय ते चित्रपट आहेत, आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकत्र बसून पाहावेत हा त्याचा हेतू आहे.

आधी हद्द आखून घेऊ. इथे जाहिरातपट, म्हणजे तीस-चाळीस सेकंदांच्या जाहिराती, अभिप्रेत नाहीत. ज्या कथापटांत किंवा माहितीपटांत जाहिरात करणारी माणसे, त्यांचे काम आणि त्या कामाचे घरावर होणारे परिणाम दिसतात, ते चित्रपट इथे घेतले आहेत. 'कौटुंबिक' हा शब्दही थोडा सांभाळून वापरला आहे. आक्षेपार्ह दृश्य नाही एवढ्याने चित्रपट कौटुंबिक ठरत नाही. आजीला, आईला, नोकरी करणाऱ्या मामाला आणि सातवीतल्या मुलीला त्यावर बोलण्यासारखे काही सापडले, तर तो कौटुंबिक. या कसोटीवर काही गुळगुळीत चित्रपट बाद होतात आणि काही टोकदार चित्रपट आत येतात.

जाहिरात एजन्सीचे कामकाज ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. माल तयार करणारा तो क्लायंट. त्याचे काम हाती आले की एजन्सीच्या भाषेत 'अकाउंट' मिळाले. क्लायंटची मर्जी सांभाळणारी माणसे वेगळी, मजकूर लिहिणारा कॉपीरायटर वेगळा, चित्र आणि मांडणी ठरवणारा आर्ट डायरेक्टर वेगळा, आणि वर्तमानपत्रातली जागा किंवा रेडिओ-टीव्हीवरचा वेळ विकत घेणारी माणसे आणखी वेगळी. विसाव्या शतकात दीर्घ काळ एजन्सीची कमाई मुख्यतः अशा जागेच्या आणि वेळेच्या खर्चावर मिळणाऱ्या पंधरा टक्के दलालीतून होत असे. त्यामुळे एक मोठा क्लायंट नाराज झाला की अनेकांच्या पगाराला धक्का लागे. या व्यवस्थेत नाट्य मुळातच भरलेले आहे: मुदत, लहरी मालक, शब्दांवर जगणारा माणूस आणि घरी वाट पाहणारी मुले. पटकथा लिहिणाऱ्यांना हे जग वारंवार खुणावत राहिले ते यामुळे.

या विषयावरचा अमेरिकी प्रवाह सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा आहे. प्रेस्टन स्टर्जेस यांचा 'ख्रिसमस इन जुलै' १९४० सालचा. कॉफी कंपनीच्या घोषवाक्य स्पर्धेत २५,००० डॉलरचे बक्षीस आपल्याला लागले, असे एका साध्या कारकुनाला खोट्या तारेमुळे वाटते, आणि तसे वाटताच कचेरीतल्या वरिष्ठांनाही त्याच्या कल्पना हुशारीच्या वाटू लागतात. कल्पना तीच, माणूस तोच. फक्त त्याच्यावर विजेत्याचा शिक्का बसला. जाहिरातीचे सारे सामर्थ्य त्या शिक्क्यात असते, हे स्टर्जेस हसतखेळत दाखवतात.

युद्धानंतर सूर बदलला. फ्रेडरिक वेकमन यांच्या १९४६ च्या कादंबरीवर पुढच्याच वर्षी आलेला 'द हकस्टर्स' रेडिओच्या जमान्यातला आहे. तेव्हा साबणाच्या कंपन्या रेडिओ मालिकांचा खर्च उचलत आणि कार्यक्रमात काय असावे हेही ठरवत. सिडनी ग्रीनस्ट्रीट यांनी रंगवलेला साबणसम्राट भर बैठकीत टेबलावर थुंकतो. घाणेरडी गोष्ट लोकांच्या लक्षात राहते आणि लक्षात राहणे हेच महत्त्वाचे, हा त्याचा सिद्धांत. समोर क्लार्क गेबलचा जाहिरातदार आणि त्याचा स्वाभिमान. अपमान गिळून पगार घ्यायचा की उठून जायचे, हा पेच कोणत्याही नोकरदाराला कळेल असाच आहे.

१९५० च्या दशकात टीव्ही अमेरिकी घराघरांत पोहोचला आणि सिनेमागृहे रिकामी होऊ लागली. हॉलिवूडने या प्रतिस्पर्ध्यावर आणि त्याला पोसणाऱ्या जाहिरातींवर विनोदाचे शस्त्र उगारले. फ्रँक टॅशलिन यांच्या 'विल सक्सेस स्पॉइल रॉक हंटर?' (१९५७) ची श्रेयनामावलीच खोट्या जाहिरातींनी सजली आहे, आणि मध्येच टीव्हीप्रेमींच्या सोयीसाठी म्हणून पडदा आक्रसून लहान, काळापांढरा होतो. त्याच वर्षी व्हान्स पॅकार्ड यांचे 'द हिडन पर्सुएडर्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राचा आधार घेऊन जाहिराती ग्राहकाच्या मनात कशा शिरतात, याची चर्चा त्याने सामान्य वाचकापर्यंत नेली. पुढे 'लव्हर कम बॅक' (१९६१) मध्ये रॉक हडसनचा जाहिरातदार अस्तित्वातच नसलेल्या 'व्हीआयपी' नावाच्या वस्तूची जाहिरात करतो आणि लोक ती मागू लागतात. मग वस्तू शोधण्यासाठी धावपळ. विनोद मोठ्यांच्या चावटपणाकडे झुकत असल्याने हा चित्रपट किशोरवयाच्या पुढच्यांसाठी ठेवावा.

या सगळ्यात आज सर्वांत ताजा वाटतो तो जॉर्ज क्यूकर यांचा 'इट शुड हॅपन टू यू' (१९५४). नोकरी गेलेली ग्लॅडिस ग्लोव्हर साठवलेले पैसे खर्चून न्यू यॉर्कच्या कोलंबस सर्कलवरचे एक होर्डिंग भाड्याने घेते आणि त्यावर फक्त स्वतःचे नाव रंगवून घेते. तिला काही विकायचे नाही. नाव मोठे दिसावे एवढीच इच्छा. ती जागा एका साबण कंपनीला हवी असते, म्हणून कंपनी तिला त्या बदल्यात शहरभरच्या जागा देऊ करते. बघता बघता ग्लॅडिस प्रसिद्ध होते, आणि कशासाठी प्रसिद्ध हे कुणालाच सांगता येत नाही. जुडी हॉलिडेने ही भूमिका इतक्या निरागसपणे केली आहे की ग्लॅडिसची चीड येत नाही, तिची काळजी वाटते. आज शाळेतली मुले फॉलोअर मोजतात. त्यांच्याशी या विषयावर बोलायला यापेक्षा चांगले निमित्त मला माहीत नाही.

१९६० च्या दशकात हा प्रवाह घराच्या उंबऱ्याच्या आत आला. 'द थ्रिल ऑफ इट ऑल' (१९६३) मधली गृहिणी साबणाबद्दल साधेपणाने बोलते म्हणून कंपनी तिलाच टीव्हीवर आणते, आणि तिच्या कमाईने व कीर्तीने डॉक्टर नवऱ्याचा अहंकार दुखावतो. डोरिस डेची ती धांदल गमतीची आहे. पण शेवटी तिने घरी परतण्यातच सुख मानावे हा निष्कर्ष आजच्या घरात मुकाट्याने स्वीकारला जाणार नाही, आणि जाऊही नये. तिथे थांबून वाद घालावा. डिस्नेचा 'द हॉर्स इन द ग्रे फ्लॅनेल सूट' (१९६८) खास मुलांसाठी. पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात करणाऱ्या बापाला क्लायंटला खूश करायचे आहे, आणि घोड्यांसाठी वेड्या असलेल्या मुलीला घोडा हवा आहे. बाप दोन्ही गोष्टी एकत्र जुळवतो: घोडा घेतो, त्याला गोळीचेच नाव देतो आणि मुलीला स्पर्धांत उतरवतो. मुलीच्या प्रेमाचे रूपांतर कॅम्पेनमध्ये झाले की हरण्याची भीती तिच्या मनात शिरते. ही भीती आठ वर्षांच्या मुलालाही समजते, कारण मोठ्यांच्या अपेक्षांचे ओझे त्यालाही ओळखीचे असते.

त्यानंतरची पिढी गंभीर झाली. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) मध्ये डस्टिन हॉफमनला एजन्सीत मोठे अकाउंट मिळते, त्याच दिवशी बायको घर सोडते. मुलाला शाळेत पोहोचवता पोहोचवता, त्याच्या तापात जागता जागता कामावरचे लक्ष उडते आणि नोकरी जाते. कुटुंबाच्या सुखाची चित्रे रंगवणाऱ्या व्यवसायात स्वतःच्या कुटुंबासाठी वेळ नाही, ही विसंगती चित्रपट भाषण न करता दाखवतो. 'नथिंग इन कॉमन' (१९८६) मध्ये टॉम हँक्सचा जाहिरातदार आजारी, हट्टी बापाच्या शस्त्रक्रियेसाठी महत्त्वाचा क्लायंट गमावतो. बापाच्या भूमिकेतले जॅकी ग्लीसन यांचा तो शेवटचा चित्रपट. 'मिस्टर मॉम' (१९८३) उलट्या दिशेने जातो: नवऱ्याची नोकरी गेल्यावर बायको एजन्सीत रुजू होते, आणि टूना माशाच्या कंपनीला सल्ला देते की मंदीत लोकांचे हाल आहेत, तर किंमत कमी करा आणि तसे सांगा. तिची ही जाण घर चालवण्यातून आलेली आहे. हा चित्रपट लिहिणारे जॉन ह्यूज स्वतः शिकागोमध्ये कॉपीरायटर होते.

घर आणि जाहिरात यांच्या व्यवहाराचे सर्वांत हृद्य चित्रण मला 'द प्राइझ विनर ऑफ डिफायन्स, ओहायो' (२००५) मध्ये दिसते. कथा खरी आहे. एव्हलिन रायन ही ओहायोमधल्या छोट्या गावातली दहा मुलांची आई. नवऱ्याचा पगार दारूत जातो, आणि ती कंपन्यांच्या जिंगल व घोषवाक्य स्पर्धांत ओळी लिहून घर सावरते. तिच्या मुलीने लिहिलेल्या आठवणींवर चित्रपट बेतला आहे. ज्युलिअन मूर त्यात आई झाली आहे. गसीची गोष्ट इथे दुसऱ्या बाजूने सांगितली जाते: ज्या बाईच्या डोक्यातून ओळ निघते, तिच्याच हाती थोडेबहुत पैसे येतात. घरातल्या दारूचे प्रसंग बोचरे असल्याने तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर हा चित्रपट पाहावा आणि नंतर बोलायला वेळ राखून ठेवावा.

अमेरिकेबाहेरचे दोन चित्रपट या नकाशावर हवेतच. यासुझो मासुमुरा यांच्या 'जायंट्स अँड टॉइज' (१९५८) मध्ये तीन कॅरॅमल कंपन्यांची चढाओढ आहे. वेड्यावाकड्या दातांची एक गरीब मुलगी पकडून तिला जाहिरातीचा चेहरा बनवले जाते, अंतराळवीराचा पोशाख चढवला जातो. ती बदलत जाते आणि तिला घडवणारी माणसे झिजत जातात. युद्धातून सावरून वेगाने श्रीमंत होऊ पाहणाऱ्या जपानचा तो अस्वस्थ आरसा आहे. दुसरा पाब्लो लाराइन यांचा 'नो' (२०१२). चिलीत १९८८ मध्ये हुकूमशहा पिनोशे यांनी सत्तेत राहावे की नाही यावर सार्वमत झाले. दोन्ही बाजूंना टीव्हीवर रोज पंधरा मिनिटे मिळाली. विरोधकांच्या प्रचारात छळाच्या कहाण्यांऐवजी शीतपेयाच्या जाहिरातीसारखा आनंद, गाणी आणि इंद्रधनुष्य आले, आणि ते जिंकले. लाराइन यांनी चित्रीकरणासाठी त्या काळातले व्हिडिओ कॅमेरे वापरले, त्यामुळे जुन्या जाहिराती आणि नवी दृश्ये एकजीव झाली आहेत. लोकशाही साबणासारखी विकावी का, आणि विकल्यानेच ती मिळत असेल तर काय करावे? कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या घरात हा प्रश्न जेवणापर्यंत पुरेल.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय सिनेमा जन्मापासून जाहिरातीचा सोबती आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी लागला. सुरतेला प्रतिसाद थंडावला तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचे, दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात करून गर्दी खेचली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. निर्माता, कलावंत आणि जाहिरातदार एकाच माणसात नांदत होते. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा सारा खटाटोप एका कुटुंबाचा उद्योग म्हणून रंगवतो. बायको, मुले, शेजारी सगळे त्यात ओढले जातात. मराठी घरासाठी या विषयात शिरण्याचा सर्वांत मोकळा दरवाजा हाच.

पुढच्या काळात जाहिरातसंस्थांनी भारतीय सिनेमाला मोठी माणसे दिली. सत्यजित राय १९४३ पासून कोलकात्याच्या डी. जे. कीमर एजन्सीत चित्रकार होते. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवले आणि तिथे त्यांनी डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' पाहिला. त्यातला नायक भिंतीवर सिनेमाची पोस्टर चिकटवण्याचे काम करतो. रिटा हेवर्थचे पोस्टर लावत असतानाच त्याची सायकल चोरीला जाते. जाहिरात एजन्सीतल्या एका चित्रकाराला जाहिरातीच्या उतरंडीतल्या सर्वांत तळच्या मजुराची गोष्ट दिसली, आणि त्यातून 'पथेर पांचाली' करण्याचा त्याचा निश्चय पक्का झाला. श्याम बेनेगल मुंबईत लिंटासमध्ये कॉपीरायटर होते आणि त्यांनी शेकडो जाहिरातपट केले. त्यांच्या 'अंकुर' (१९७४) ला पैसा पुरवला तो जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ कंपनीने. दोन वर्षांनी आलेल्या 'मंथन' ला गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात आहे. लोण्याच्या जाहिरातीतले हसू रोज पाहणाऱ्या मुलाने त्या लोण्यामागचे गाव एकदा 'मंथन'मध्ये पाहावे, म्हणून तो विषयाच्या कडेचा असूनही पुस्तकात आहे. मराठी वाचकाला हेही आठवेल की अरुण कोलटकर मुंबईच्या जाहिरातविश्वात नावाजलेले आर्ट डायरेक्टर होते. या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहणे त्यामुळे मला जमत नाही.

एवढी माणसे जाहिरातीतून येऊनही आपल्या सिनेमात जाहिरात एजन्सी बहुतेक वेळा नायकाची नोकरी एवढीच राहिली. 'यस बॉस' (१९९७) किंवा 'झंकार बीट्स' (२००३) पाहा. आपले बळ दुसरीकडे आहे: विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतात त्या क्षणात. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये शंभर रुपयांत घर देण्याचे आमिष गरिबांना दाखवले जाते आणि भाबडा राज त्या फसवणुकीचा चेहरा बनतो. राय यांच्या 'महानगर' (१९६३) मधली आरती विणकामाची यंत्रे घरोघर विकते, आणि तिच्या पगाराने सासरचे सारे ताणेबाणे उघडे पडतात. सई परांजपे यांच्या 'चश्मे बद्दूर' (१९८१) मधली दीप्ती नवलची नेहा 'चमको' साबणपूड विकायला दार ठोठावते. पाठ केलेले बोलणे, बादली, फेस आणि मध्येच लाजणारा फारुख शेख. विक्रीचे तयार वाक्य आणि माणसाचे खरे बोलणे यांतला फरक इतक्या कोवळेपणाने क्वचितच कुणी दाखवला असेल. आणि 'पोश्टर बॉईज' (२०१४): नसबंदीच्या सरकारी पोस्टरवर तीन गावकऱ्यांचे फोटो त्यांना न विचारता छापले जातात आणि त्यांचे संसार, सोयरीक, इभ्रत सगळे हलते. खळखळून हसवणारा हा मराठी चित्रपट परवानगीचा प्रश्न मुलांपुढे सरळ ठेवतो: माझा चेहरा कोण, कुठे आणि कशासाठी वापरणार?

माहितीपट आणि अ‍ॅनिमेशनचा प्रवाह लहान असला तरी उपयोगी आहे. 'आर्ट अँड कॉपी' (२००९) जाहिरातीतल्या प्रतिभेचा गौरव करतो. 'कन्झ्युमिंग किड्स' (२००८) मुलांना ग्राहक कसे बनवले जाते याची चौकशी करतो. दोन्ही लागोपाठ पाहिले तर मुलांना एकाच विषयाचे दोन प्रामाणिक पक्ष ऐकू येतात. 'वॉल-ई' (२००८) मध्ये सारे जग एका कंपनीच्या ताब्यात आहे आणि तान्ह्या बाळांना मुळाक्षरेसुद्धा त्या कंपनीच्या नावाने शिकवली जातात. सहा वर्षांचे मूलही ते पाहून चमकते. कथापट असूनही याच पंक्तीत बसणाऱ्या 'द ट्रूमन शो' (१९९८) मधली बायको नवऱ्याशी बोलता बोलता अदृश्य प्रेक्षकांना घरातल्या वस्तू दाखवते. थोड्या मोठ्या मुलांना त्यातली भीषणता कळते.

हे सगळे आजच का? दूरदर्शनवर जाहिराती १९७६ मध्ये सुरू झाल्या. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका मॅगीच्या आणि 'ये जो है जिंदगी' विकोच्या प्रायोजकत्वावर घरात आली. तेव्हा जाहिराती कमी नव्हत्या, पण सगळे घर एकच जाहिरात एकाच वेळी पाहत होते. जिंगल सगळ्यांना पाठ असे, तिची नक्कल होई, 'हे काही खरं नसतं गं' असे आजी मोठ्याने म्हणत असे. ती टीका हे मुलांचे शिक्षण होते, कुणी ठरवून न दिलेले. आज घरात चार माणसांच्या हातात चार पडदे आहेत आणि प्रत्येकावर येणारी जाहिरात त्याच्या आवडी, शोध आणि वय हेरून आलेली असते. मुलीला काय विकले जात आहे, हे बापाला दिसतच नाही. जो खेळणी उघडून दाखवतो तो मित्र आहे की विक्रेता, हे मुलाला ओळखता येत नाही.

कायदा आणि नियम आपल्या परीने पुढे आले आहेत. जाहिरात व्यवसायाने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या अ‍ॅस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करणे त्यात बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली २०२२ मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी वेगळ्या अटी आहेत. स्वीडनने १९९१ पासून टीव्हीवर बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करायला मनाई केली आहे. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांसाठी असाच निर्बंध आहे. पण नियमाची नजर मोबाइलच्या प्रत्येक पडद्यावर राहू शकत नाही. मुलाच्या स्वतःच्या नजरेतच पारख यावी लागते, आणि ती उपदेशाने येत नाही. जाहिरात वाईट, असे सांगितले की मूल मान डोलावते आणि पुन्हा तीच जाहिरात पाहते. जाहिरात कुणीतरी टेबलाशी बसून, घड्याळाकडे बघत, साहेबाला घाबरून, कधी कधी मनापासून बनवली आहे, हे त्याने गोष्टीतून पाहिले की पुढच्या वेळी त्या वेष्टनामागचा माणूस त्याला दिसू लागतो. पारख तिथून सुरू होते.

ही पारख एकतर्फी असू नये, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. भारतात पल्स पोलिओचा संदेश घराघरांत पोहोचला त्यात जाहिरात करणाऱ्यांचा मोठा वाटा होता. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या यशात त्यांचेही श्रेय आहे. दुसरीकडे, जाहिरातीवर टीका करणारे चित्रपटही बाजाराबाहेर उभे नाहीत. 'व्हॉट विमेन वॉन्ट' (२०००) मध्ये नायक-नायिका खऱ्याखुऱ्या नाइकी कंपनीसाठी जाहिरात रचतात, आणि तो प्रसंग स्वतःच त्या कंपनीची सुंदर जाहिरात होऊन बसतो. 'द ग्रेटेस्ट मूव्ही एव्हर सोल्ड' (२०११) या माहितीपटाने तर चित्रपटांत घुसवल्या जाणाऱ्या ब्रँडबद्दल बोलायला लागणारा पैसा ब्रँडकडूनच उभा केला आणि ते उघड दाखवले. मुलांना ही चौकशी प्रत्येक चित्रपटाबद्दल करायला शिकवावी, या पुस्तकात शिफारस केलेल्या चित्रपटांबद्दलही.

आता पुस्तकाविषयी. हा कोश नाही आणि गुणानुक्रमाची यादीही नाही. चित्रपट इथे काळाच्या क्रमाने न लावता घरात उठणाऱ्या प्रश्नांभोवती गुंफले आहेत: कल्पना कुणाची, चेहरा कुणाचा, वेळ कुणाचा, आणि किंमत कोण मोजतो. प्रत्येक चित्रपटासाठी वय सुचवले आहे, पण अंतिम निर्णय पालकांचा. 'मॅड मेन' ही गाजलेली मालिका, 'पटनी स्वोप' (१९६९) किंवा 'हाऊ टू गेट अहेड इन अ‍ॅडव्हर्टायझिंग' (१९८९) यांसारखे तिखट उपहासपट इथे नाहीत. ते महत्त्वाचे आहेत, पण मोठ्यांसाठी आहेत. जुन्या अमेरिकी चित्रपटांतली गोरी श्रीमंती, नोकराणीच्याच भूमिकेत अडकलेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि घरी परतवल्या जाणाऱ्या बायका यांवर पांघरूण घातलेले नाही. गसीची भूमिका करणाऱ्या लुईस बीव्हर्स या समर्थ अभिनेत्रीला हॉलिवूडने पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरातच उभे केले. गसीच्या दहा डॉलरांचा हिशेब मांडताना हेही मुलांना सांगायला हवे, आणि ते कसे सांगावे याचा प्रयत्न इथे आहे.

पाहण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. परभाषी चित्रपट असेल तर लहान मुलांसाठी उपशीर्षके कुणीतरी मोठ्याने मराठीत वाचून दाखवावीत. वाचणारा वाचता वाचता अर्थ लावतो आणि ऐकणारे त्याला हटकतात, यातच अर्धी चर्चा होऊन जाते. दुसरे म्हणजे, चित्रपट मध्येच थांबवायला कचरू नये. सिनेमागृहात ती मुभा नसते, घरी असते. हॅमची ओळ उचलली गेली, होर्डिंगवर नाव चढले, घोड्याचे नाव गोळीवरून ठेवले गेले, अशा जागी थांबून सगळ्यात लहान माणसाला पहिल्यांदा बोलू द्यावे. मोठे आधी बोलले तर मुले मोठ्यांचीच मते परत करतात.

सुरुवात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने करा, मग 'ब्लँडिंग्ज' पाहा, मग 'पोश्टर बॉईज'. या तीन चित्रपटांत जाहिरातीची जिद्द, तिची कमाई आणि तिची हानी अशा तिन्ही बाजू येतात, आणि तिन्ही हसवतात. त्यानंतर कोणता पाहायचा हे मुलांना ठरवू द्या, आणि का निवडला याचे कारण मागा. निवडण्याचे कारण सांगता येणे हीच ग्राहकाची पहिली ताकद आहे. दुकानात, मोबाइलवर आणि पुढे मतदान केंद्रातही तीच कामी येते. जाहिरात घरातून उचलते तेव्हा काय उचलले हे घराला कळावे, आणि परत विकायला येते तेव्हा घेणे-न घेणे घराने समजून ठरवावे, एवढी क्षमता प्रत्येक कुटुंबाला मिळवता येते. त्या कामात हे पुस्तक मदतीला यावे म्हणून ते लिहिले आहे.